कृष्णधवल फिल्म आणि घरचा जमाखर्च

संसारांत कोणती वस्तु चैनीची आणि कोणती गरजेची, हा वाद एकत्र कुटुंबांत कधींच मिटत नाहीं. एका पिढीची चैन ही दुसऱ्या पिढीची गरज होते, आणि तिसरी पिढी तीच वस्तु माळ्यावर टाकून देते, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु माळ्यावर टाकलेली वस्तु चौथ्या पिढीनें खालीं आणावी आणि तिच्यासाठीं घरच्या तिजोरींतून पैसे मागावे, असा प्रसंग क्वचितच येतो. तो नुकताच आमच्या घरीं आला, आणि त्यानिमित्त जो हिशेब करावा लागला तो वाचकांपुढें मांडावा असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

आमच्या थोरल्या बंधूंचा नातू महाविद्यालयांत शिकतो. दिवाळीच्या साफसफाईंत त्याला आमच्या कै. तीर्थरूपांचा जुना कॅमेरा सांपडला. दोन भिंगांचा, पोटाशीं धरून वरून पाहावयाचा हा कॅमेरा. एका रोलावर बारा चौकोनी चित्रें घेणारा. एका वृद्ध कारागिरानें तो साफसूफ करून चालू करून दिला, आणि मुलानें कृष्णधवल फिल्मचा एक रोल आणविला. त्याची किंमत बाराशें रुपये, व धुण्याची मजुरी तीनशें रुपये. त्याचें बिल थोरल्या बंधूंच्या हातीं पडलें आणि ते उद्गारले, "बारा चित्रांना दीड हजार! म्हणजे एकेका चित्राला सव्वाशें रुपये. अरे, तुझ्या खिशांतल्या फोनमध्यें हजार चित्रें फुकट निघतात ना?" मुलगा गप्प राहिला, पण "आबा, फक्त वर्षभर घेऊं द्या" एवढें तो बोलला. घरचा जमाखर्च आमच्याकडे असल्यामुळें निर्णय आमच्यावर सोंपविण्यांत आला.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. फोटो काढणें पूर्वीं स्वस्त होतें आणि आतां महाग झालें, असें आपण म्हणतों. तें अर्धेंच खरें आहे. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांच्यासारख्या विद्वानांनीं या नव्या कलेंत लक्ष घातलें. पण सामान्य गृहस्थास ती परवडणारी नव्हती. कांचेवर रसायन पसरावयाचें, तें ओलें असतांनाच चित्र घ्यावयाचें आणि तत्काळ धुवावयाचें, असा तो खटाटोप होता. पुढें अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यानें १८८८ सालीं शंभर चित्रांची गुंडाळी आंत घातलेला कॅमेरा पंचवीस डॉलरला विकावयास काढला, आणि १९०० सालीं तर ब्राउनी नांवाचा एक डॉलरचा कॅमेरा बाजारांत आणला. यांतील मर्म असें कीं, कॅमेरा माणूस एकदांच घेतो, परंतु फिल्म पुन्हां पुन्हां घेतो. कोट्यवधि लोक घेऊं लागले, म्हणून फिल्म स्वस्त झाली. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कारण पुढचा सारा हिशेब याच वाक्याच्या उलट्या बाजूनें होणार आहे.

आपल्या प्रांतापुरतें बोलावयाचें तर फिल्मची किंमत किती जिवावरची असते, हें दादासाहेब फाळके यांच्या घराइतकें दुसऱ्या कोणत्याही घरानें जाणलें नसेल. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ सालीं विलायतेस गेले आणि कॅमेरा व फिल्मला भोंकें पाडण्याचें यंत्र घेऊन आले. कच्च्या फिल्मला अंधारांत भोंकें पाडण्याचें आणि ती धुण्याचें काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं केलें. १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' अशा घरांतून बाहेर पडला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तर सरकारनेंच कच्च्या फिल्मवर नियंत्रण घातलें आणि बोलपटांची लांबी अकरा हजार फुटांवर आणून ठेवली. तात्पर्य, फिल्म जपून वापरावयाची असते, ही गोष्ट आपल्या लोकांस नवी नाहीं. उधळपट्टीची संवय हीच नवी आहे.

आमच्या तीर्थरूपांच्या चित्रांची दुसरी वही आमच्याजवळ आहे. ती १९६१ च्या अखेरीस सुरू होऊन १९७४ सालीं संपते. प्रत्येक चित्राची तारीख, उजेड, भिंगाचें छिद्र आणि चित्रांतील माणसें त्यांनीं बारीक अक्षरांत नोंदलीं आहेत. तेरा वर्षांत अठ्ठावीस रोल, म्हणजे तीनशें छत्तीस चित्रें. वर्षाला सरासरी सव्वीस. आमच्या पुतणीच्या लग्नांत दोन दिवसांत चार हजार चित्रें काढण्यांत आलीं. तीं ज्या डबीवजा डिस्कवर ठेविलीं होतीं, ती तीन वर्षांनीं उघडेनाशी झाली, आणि आज त्या लग्नाचीं नातेवाईकांनीं आपापल्या फोनवर काढलेलीं वीसपंचवीस चित्रें तेवढीं उरलीं आहेत. यांत कोणाचा दोष काढण्याचा आमचा हेतु नाहीं. एकच प्रत ठेवून स्वस्थ बसणें ही आमचीच चूक होती.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. रोल इतका महाग कां झाला? घरांत ज्यास त्यास विचारलें तर एकच उत्तर मिळालें: "चांदी महागली म्हणून." हें उत्तर वरवर पटणारें आहे. फिल्मवर जो थर असतो तो जिलेटिनमध्यें कालवलेल्या चांदीच्या क्षारांचा असतो, आणि २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास चांदीचा भाव किलोला दीड लाखाच्या वर गेला होता. पूर्वींही असें घडलें आहे. १९८० च्या जानेवारींत अमेरिकेंतील हंट बंधूंनीं चांदीचा प्रचंड सांठा केल्यामुळें भाव औंसाला पन्नास डॉलरच्या घरांत गेला, आणि त्या वेळीं फिल्मचेही दर वाढले. मार्च महिन्यांत तो भाव कोसळला.

तथापि आम्हीं कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. एका रोलाचें क्षेत्रफळ साधारणपणें एका चौरस मीटराच्या विसाव्या हिश्श्याइतकें असतें. त्यावरील थरांत चांदी असते ती पाव ग्रॅमच्या आसपास. दीडशें रुपये ग्रॅम धरली, तरी ती चाळीस रुपयांच्या जवळपास भरते. बाराशें रुपयांच्या रोलांत चांदी चाळीस रुपयांची! भाव दुप्पट झाला तरी ऐंशी रुपयांची. मग उरलेले अकराशें रुपये कशाचे?

ते एकटेपणाचे आहेत, असें आमचें उत्तर आहे. फिल्म तयार करणें हें घरगुती काम नव्हे. मीटरभराहून रुंद आणि शेंकडों मीटर लांब अशा पारदर्शक पट्ट्यावर, संपूर्ण अंधारांत, धुळीचा एक कणही पडूं न देतां, केंसाहून पातळ असे थर सारख्या जाडीचे चढवावे लागतात. जिलेटिन गुरांच्या हाडांपासून व कातड्यांपासून निघतें, आणि त्याचा स्वभावही लहरी. १९२५ च्या सुमारास कोडॅकचे रसायनज्ञ सॅम्युअल शेपर्ड यांनीं शोधून काढलें कीं, कांहीं जिलेटिनांत मोहरीच्या तेलांतील गंधकयुक्त द्रव्याचा लेश असतो आणि त्यामुळें फिल्मचा तल्लखपणा वाढतो. अशा नाजूक कामासाठीं उभारलेलीं यंत्रें सबंध जगाला पुरेल इतका माल काढण्याच्या हिशेबानें बांधलेलीं होतीं. तीं चालू करण्याचा खर्च दहा रोल काढा कीं दहा लाख काढा, फारसा बदलत नाहीं. २००० च्या सुमारास जगांत फिल्मचा खप कळसास पोहोंचला आणि डिजिटल कॅमेऱ्यामुळें तो पाहतां पाहतां ओसरला. शंभर जणांच्या पंक्तीसाठीं बांधलेल्या चुलीवर दोघांचा भात शिजवावा, तशी या कारखान्यांची गत झाली. सरपण तेवढेंच; जेवणारे दोन.

त्यानंतरचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. १८७९ सालीं आल्फ्रेड हारमन यानें सुरू केलेली इंग्लंडची इलफर्ड कंपनी २००४ सालीं दिवाळखोरीच्या दारांत आली. तेथल्याच कांहीं व्यवस्थापकांनीं कृष्णधवल फिल्मचा विभाग पुढच्या वर्षीं विकत घेऊन जगविला. जर्मनीचा अॅगफाफोटो २००५ सालीं बुडाला. कोडॅकनें रोचेस्टर येथील आपल्या अवाढव्य इमारतींपैकीं कांहीं २००७ सालीं सुरुंग लावून पाडल्या आणि २०१२ च्या जानेवारींत दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यांतून ती सावरली, पण पूर्वींचें वैभव परत आलें नाहीं. जपानच्या फुजीनें २०१८ सालीं आपली अॅक्रॉस ही कृष्णधवल फिल्म बंद केली, आणि ग्राहकांच्या आग्रहामुळें पुढच्याच वर्षीं नव्या स्वरूपांत पुन्हां आणली. झेक देशांतील फोमा हा १९२१ सालापासूनचा कारखाना मात्र अजून चालू असून, त्याची फिल्म इतरांच्या मानानें स्वस्त पडते.

आपल्या देशाची हकीगत याहून मनाला लागणारी आहे. निलगिरीच्या थंड व स्वच्छ हवेंत, उटकमंड येथें, १९६० सालीं हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्याच्या फिल्मचें नांव 'इंदू'. दवाखान्यांतील क्ष-किरणांच्या फिल्मपासून घरगुती रोलांपर्यंत माल तेथें निघत असे. आम्ही तरुण असतांना शंभराची नोट दिली तर इंदूचा रोल मिळून वर सुटे पैसे परत येत. तो कारखाना तोट्यांत जाऊन बंद पडला. आज आपल्याकडे येणारा प्रत्येक रोल परदेशांतून येतो. त्यावर जहाजाचें किंवा विमानाचें भाडें, आयातशुल्क, वस्तु व सेवा कर, दुकानदाराची दलाली आणि रुपयाची घसरण, असे थरावर थर चढतात. चांदीचा थर त्या सर्वांत पातळ!

मग हा खर्च करावा किंवा नाहीं? फोनला नांवें ठेवण्याचा आमचा विचार नाहीं. परगांवीं असलेल्या सुनेनें नातवाचें चित्र पाठविलें कीं तें क्षणांत सर्वांस दिसतें, हा लाभ लहान नव्हे. रोजच्या व्यवहारास फोनच योग्य. परंतु कृष्णधवल निगेटिव्हचा एक गुण असा आहे कीं, धुतल्यानंतर तिच्यावर राहतें तें चित्र साक्षात् चांदीचें असतें. रंगीत फिल्ममधून चांदी सारी काढून टाकतात आणि मागें केवळ रंग उरतात, ते कालांतरानें उडतात. या गुणाची परीक्षा आमच्या घरानें एकदां दिली आहे.

१९६१ च्या जुलैची १२ तारीख पुणेंकर विसरणार नाहींत. पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. आमचें बिऱ्हाड तेव्हां शनिवार पेठेंत होतें. तीर्थरूपांनीं मुलांस पुढें घातलें, कॅमेरा तेवढा गळ्यांत अडकविला आणि घर सोडलें. दुसऱ्या दिवशीं परत येऊन पाहतात तों खालच्या खोलींतील लोखंडी पेटी चिखलानें भरलेली. छापील फोटो एकमेकांस चिकटून त्यांचा लगदा झाला होता. वहीची पहिली जिल्द उघडली तर शाई धुऊन गेलेली. पानांवर नुसते निळे ओघळ. निगेटिव्हांच्या पट्ट्या मात्र त्यांनीं स्वच्छ पाण्यांत एकेक करून खंगाळल्या आणि वाळत घालण्याच्या दोरीवर चिमटे लावून टांगल्या. कांहीं गेल्या, पुष्कळशा राहिल्या. शाईनें लिहिलेलीं नांवें वाहून गेलीं. चांदीनें लिहिलेले चेहरे राहिले.

मुलानें आपला पहिला रोल धुवून आणल्यावर या पट्ट्याही खिडकीच्या उजेडांत धरून पाहिल्या, आणि त्यांपैकीं कांहींचे ठसे तयार केले. एका चित्रांत तुळशीवृंदावनापाशीं चारपांच वर्षांची परकरी मुलगी उभी असून तिनें एका रांगत्या मुलाचा हात धरला आहे. कोण तें आम्हां कोणासही सांगतां येईना. तें चित्र आमच्या मातोश्रींच्या हातीं दिलें. त्यांचें वय आज पंचाण्णव आहे. त्यांनीं तें डोळ्यांजवळ नेलें, पुष्कळ वेळ पाहिलें आणि म्हणाल्या, "ही आपली ताई रे. आणि हा दादा." आमची थोरली बहीण वयाच्या सातव्या वर्षीं विषमज्वरानें गेली, आमचा जन्म त्यानंतरचा. थोरल्या बंधूंस तिचा चेहरा आठवत नव्हता. तिचें दुसरें चित्र घरांत नाहीं. ते तें चित्र घेऊन आपल्या खोलींत गेले आणि त्या दिवशीं पुन्हां खर्चाचा विषय त्यांनीं काढला नाहीं.

तरी भावनेच्या भरांत जमाखर्च करूं नये, हें आमचें व्रत आहे. म्हणून काटकसरीच्या वाटा आम्हीं शोधल्या. त्या इतरांसही उपयोगी पडतील.

पहिली वाट धुण्याची. ही मजुरी घरच्या घरीं वांचवितां येते. 'डी-७६' या नांवानें १९२० च्या दशकापासून प्रसिद्ध असलेलें रसायन एक लिटर करावयाचें तर मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टांकणखार म्हणजे बोरॅक्स २ ग्रॅम लागतात. कोमट पाण्यांत प्रथम सल्फाइटची चिमूट, मग मेटॉल, नंतर उरलेलें सल्फाइट, हायड्रोक्विनोन आणि शेवटीं बोरॅक्स, असा क्रम ठेवावा. एका लिटरांत तीनचार रोल निघतात. मेटॉलनें कांहींच्या हातांस पुरळ उठतो, यास्तव रबरी हातमोजे घालावे, आणि स्वयंपाकाचीं भांडीं मुळींच वापरूं नयेत. आपल्याकडे उन्हाळ्यांत पाणी तापतें. भांडें बर्फाच्या पाण्यांत ठेवून रसायन वीस अंशांवर आणावें. त्यानंतर हायपोंत फिल्म पक्की करून भरपूर पाण्यानें धुवावी. येथें घाई केली तर दहा वर्षांनीं डाग उमटतात.

दुसरी वाट खरेदीची. पस्तीस मिलिमीटरचा कॅमेरा असेल त्यानें शंभर फुटांचा डबा घ्यावा. त्यांत छत्तीस चित्रांचे अठरा-एकोणीस रोल अंधारांत भरतां येतात, आणि दोनतीन घरांनीं मिळून तो घेतला तर भार हलका होतो. तिसरी गोष्ट वापरलेल्या हायपोची. फिल्मवरील पुष्कळशी चांदी त्यांत उतरलेली असते. तो मोरींत ओतूं नये. साठवून लोखंडी लोकरीवरून जाऊं दिला तर चांदी खालीं बसते. त्यांतून पैसे फारसे सुटणार नाहींत, पण नदीवरचें पाप टळेल. चौथी गोष्ट जतनाची. जुन्या निगेटिव्ह उष्ण व दमट जागीं ठेवल्या तर त्यांचा पाया कुजूं लागतो आणि शिरक्यासारखा वास येतो. त्या कागदी पाकिटांत, कोरड्या कपाटांत ठेवाव्या, आणि त्यांच्या डिजिटल प्रति काढून दोन वेगळ्या ठिकाणीं ठेवाव्या. जुनें आणि नवें यांनीं एकमेकांस सांभाळावें, हेंच एकत्र कुटुंबाचें तत्त्व नव्हे काय?

अखेर निर्णय असा झाला. वर्षाला चार रोल, म्हणजे अठ्ठेचाळीस चित्रें. रोलांचे चार हजार आठशें आणि रसायनांचे सातशें, मिळून साडेपांच हजार रुपये घरखर्चांतून मिळतील. देवघरांतील चांदीचीं उपकरणीं जशीं सणावारींच काढतात, तशी ही फिल्मही सणावारीं आणि घरांत कोणी आलें-गेलें असतां काढावी. प्रत्येक रोलांतील दोन चित्रें घरांतील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान माणसाचीं असावीं. उरलेलीं दहा मुलाच्या मर्जीचीं. आणि वही ठेवावी. पेन्सिलीनें लिहावी. ही शेवटची अट थोरल्या बंधूंनीं घातली.

मुलाच्या पहिल्या रोलांत सात चित्रें बरीं आलीं, तीन काळवंडलीं, एकावर दुसरें चढलें, आणि मातोश्रींचें काढलेलें चित्र त्या बोलत असल्यामुळें हललेलें आलें. "माझ्यावर कशाला सव्वाशें रुपये घालवलेस?" असें त्या त्याच क्षणीं म्हणत होत्या. तें चित्र टाकून द्यावें असें मुलाला वाटत होतें. आम्हीं तें वहींत पहिल्या क्रमांकावर लावावयास सांगितलें.

फिल्मची किंमत उतरेल अशी आशा नजीकच्या काळांत दिसत नाहीं. आणि ज्यांस हा छंद परवडत नाहीं त्यांनीं तो करावा असा आमचा आग्रहही नाहीं. परंतु सुज्ञ वाचकांच्या घरांत माळ्यावर, फडताळांत, जुन्या पेटींत निगेटिव्हांचीं पाकिटें आणि पिवळे पडलेले फोटो असतील. त्यांतील माणसें ओळखणारे वडीलधारे आज हयात आहेत. ते सदैव राहणार नाहींत. चांदी चेहरा जपते, नांव जपत नाहीं. येत्या सुटीच्या दिवशीं दुपारचीं जेवणें झाल्यावर ती पेटी खालीं काढावी, घरांतील वडील माणसांपुढें एकेक चित्र ठेवावें, आणि तीं सांगतील तीं नांवें पाकिटावर लिहून ठेवावीं. या कामास एक पैचाही खर्च नाहीं.